वॉलपेपर बदलत नाही? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

"भाऊ, लेकीचा फोटो लावतो तं स्क्रीन काळीच राह्यते. काऊन बा?" हा प्रश्न घेऊन आमच्या यवतमाळकडच्या गावात कुणी ना कुणी माझ्याकडे येतंच. मागच्या वर्षी बचत गटाच्या एका ताईंनी याच कारणासाठी अख्खा सीपीयू एसटीत घालून तालुक्याला नेला. तिथे फॉरमॅट मारून मिळाला. वॉलपेपर बदलला, पण डेस्कटॉपवर ठेवलेल्या गटाच्या हिशेबाच्या फाइली गेल्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही दोन्ही फोल्डरं सहसा सी ड्राइव्हवर असतात आणि फॉरमॅट होतो तोही सी ड्राइव्हच. एका चित्रापायी एवढं नुकसान कुणाचं होऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

स्क्रीनवर लिहिलेलं न वाचणं

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. उजव्या कोपऱ्यात खाली 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी पुसट अक्षरं दिसत असतील, म्हणजे विंडोजचं लायसन्स चालू केलेलं नसेल, तर सेटिंग्जमधलं पर्सनलायझेशनचं पान बंदच राहतं, कितीही क्लिक करा. लगेच कुठून तरी क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवायचं चोरटं सॉफ्टवेअर, आणून टाकू नका, त्यासोबत व्हायरस येतात आणि पेनड्राइव्हवाटे ग्रामपंचायतीच्या मशीनपर्यंत पोहोचतात. खरं लायसन्स घेणं हाच कायमचा उपाय. तोवर फोटोच्या फाइलवर राइट क्लिक करून 'सेट ॲज डेस्कटॉप बॅकग्राउंड' निवडा, बहुतेक वेळा फोटो लागतो.

त्याच पानावर काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत, अशा अर्थाची ओळ दिसली तर प्रकरण वेगळं आहे. शाळेच्या किंवा कार्यालयाच्या मशीनवर ते कुणीतरी मुद्दाम केलेलं असतं. तिथे खटाटोप करू नका, मशीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना विचारा. संगणक वर्गात तर डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर टाकलेलं असू शकतं. त्यात वॉलपेपर बदलतो, पण मशीन पुन्हा चालू केलं की जुनाच परत येतो. पोरांना वाटतं आपलंच चुकलं. त्यांचं काही चुकलेलं नसतं.

पण हीच ओळ घरच्या लॅपटॉपवर दिसली तर? नागपूरहून आणलेल्या सेकंडहँड लॅपटॉपमध्ये हे हमखास सापडतं, कारण तो आधी एखाद्या कंपनीत वापरलेला असतो. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल' उघडा. तिथे जुन्या कंपनीचं खातं जोडलेलं दिसलं तर विकणाऱ्याला सांगून ते काढून घ्या. खातं नसूनही ती ओळ जात नसेल, तर कंपनीने घातलेले जुने निर्बंध, म्हणजे पॉलिसी, आत राहिले आहेत असं समजा. विंडोज नव्याने टाकणं मला फक्त इथेच योग्य वाटतं, आणि तेही सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्यानंतरच.

काळी स्क्रीन म्हणजे बिघाड, असं धरून चालणं

विंडोज १० मध्ये 'ईझ ऑफ ॲक्सेस'च्या डिस्प्ले पानावर डेस्कटॉपचं चित्र दाखवायचं की नाही, याचं एक बटण आहे. ते बंद असलं की फोटो लागतो, पण दिसत नाही. हाय कॉन्ट्रास्ट, म्हणजे कमी दिसणाऱ्यांसाठीची गडद रंगांची सोय, चालू झालं तरीही चित्र गायब होतं. डावीकडचे ऑल्ट व शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन ही तीन बटणं एकत्र दाबली गेली की हाय कॉन्ट्रास्टची विचारणा येते आणि घाईत आपण 'येस' म्हणून मोकळे होतो. तीच तीन बटणं पुन्हा दाबली की ते बंद होतं.

लाईन गेल्यावर स्लाइडशो थांबतो

आपल्याकडे भारनियमन नवं नाही. लॅपटॉप बॅटरीवर आला की विंडोज वीज वाचवायला स्लाइडशो, म्हणजे आपोआप बदलत जाणारे फोटो, थांबवू शकतं, आणि लाईन दिवसभर नसली तर ताडोबाचा एकच वाघ दिवसभर समोर बसलेला दिसतो. बॅकग्राउंडच्या पानावर स्लाइडशो निवडल्यावर खाली बॅटरीवरही तो चालू ठेवण्याचं बटण येतं, ते सुरू करा. फोटोंचं फोल्डर पेनड्राइव्हवर असेल तर पेनड्राइव्ह काढताच नवे फोटो येणार नाहीत. स्पॉटलाइट, म्हणजे नेटवरून नवनवी चित्रं आणणारी सोय, निवडलं असेल तर नेट लागतंच.

अडकलेली फाइल

वरचं काहीच नसेल तर आधी मशीन रीस्टार्ट करा. तरीही जुनंच चित्र दिसलं, तर विंडोजने जपून ठेवलेली त्या चित्राची प्रत बिघडलेली असू शकते. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता, मागेपुढे टक्क्याचं चिन्ह देऊन टाइप करा आणि एंटर दाबा. मग मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात थीम्स अशी फोल्डरं उघडा. तिथल्या ट्रान्सकोडेडवॉलपेपर नावाच्या फाइलीचं नाव बदला. पुसू नका, नाव बदललेलं परत करता येतं. पुन्हा रीस्टार्ट करून फोटो लावा. हा उपाय मी अनेक मशीनवर केला आहे, पाच मिनिटांचं काम आहे.

जुन्या छोट्या लॅपटॉपवर विंडोज ७ स्टार्टर असेल तर मात्र शोधत बसू नका, त्या आवृत्तीत वॉलपेपर बदलण्याची सोयच दिलेली नाही.

आणि फोटो लागला पण धुरकट दिसतो, ही तक्रार आली की मी आधी तो कुठून आला ते विचारतो. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. लेकीचा फोटो मोबाइलवरून कॉम्प्युटरवर घेताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ केबल लावून कॉपी करा. फाइल वॉलपेपर म्हणून लागतच नसेल तर ती पेंटमध्ये उघडून जेपीजी म्हणून सेव्ह करा, मग लावा.