इन्सर्ट करताना डिफॉल्ट हवा असेल तर तो कॉलम सोडून द्या, नल पाठवू नका

इन्सर्ट म्हणजे डेटाबेसच्या टेबलमध्ये नवी ओळ टाकणं, डिफॉल्ट म्हणजे कॉलमला काही दिलं नाही तर डेटाबेस स्वतः टाकतो ती व्हॅल्यू, आणि नल म्हणजे 'व्हॅल्यूच नाही'. लासलगाव-पिंपळगावकडच्या एखाद्या कांदा अडतीसाठी आवक नोंदवायचं सॉफ्टवेअर बनवताय असं धरू. टेबलचं नाव आवक, त्यात शेतकरी, वाहन, वजन, भाव, वेळ आणि स्थिती. गेटवर ट्रॅक्टर आला की ऑपरेटरला फक्त शेतकरी आणि गाडी नंबर माहिती असतो, भाव लिलावात ठरणार, वजन नंतर भुईकाट्यावर होणार. म्हणून टेबल बनवतानाच वेळ ला डिफॉल्ट करंट टाइमस्टॅम्प (म्हणजे चालू वेळ) द्या आणि स्थिती ला डिफॉल्ट 'लिलाव बाकी'.

आता इन्सर्ट करताना कॉलमची यादी लिहायचीच, आणि यादीत फक्त दोनच नावं:

इन्सर्ट इन्टू आवक (शेतकरी, वाहन) व्हॅल्यूज (…, …);

वेळ आणि स्थिती डेटाबेस डिफॉल्टने भरतो, वजन आणि भाव तोपर्यंत नल राहतात. यादी न लिहिता नुसतं व्हॅल्यूज लिहायची सवय असेल तर ती आजच सोडा, कारण उद्या टेबलमध्ये एक कॉलम वाढला की सगळं गडबडतं. यादीत कॉलम ठेवायचाच असेल तर त्याच्या जागी डिफॉल्ट हाच शब्द टाका, कोट न लावता. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये सगळीकडे चालतं, एसक्यूलाइटमध्ये मात्र नाही, तिथे कॉलम गाळावाच लागतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे. फॉर्ममध्ये स्थिती रिकामी राहिली, कोडने ती नल म्हणून पाठवली, आणि टेबलमध्ये नलच गेला, मग म्हणतात डिफॉल्ट चालत नाही. अहो चालतोय, पण तुम्ही स्पष्टपणे नल दिलात म्हणजे तुम्हाला नलच हवाय असं डेटाबेस समजतो. रिकामी स्ट्रिंग पाठवली तरी तेच, ती जशीच्या तशी बसते. उपाय दोन: कोडमध्ये व्हॅल्यू नसेल तर तो कॉलम इन्सर्टमधूनच काढा, आणि डिफॉल्टसोबत नॉट नल (या कॉलममध्ये नल चालणार नाही हा नियम) पण लावा म्हणजे नल आला की लगेच एरर येईल आणि चूक तिथल्या तिथे सापडेल. ओरॅकल डेटाबेसवाल्यांना 12सी आवृत्तीपासून डिफॉल्ट ऑन नल मिळतं, त्यात नल आला तरी डिफॉल्ट बसतो. हायबरनेटसारखं ओआरएम (कोडमधल्या ऑब्जेक्टवरून इन्सर्ट आपोआप तयार करणारं साधन) वापरत असाल तर ते सगळे कॉलम पाठवतं, रिकामे असतील ते नल करून, तिथे डायनॅमिक इन्सर्ट चालू करा, म्हणजे नल असलेले कॉलम इन्सर्टमधून गळतात.

डिफॉल्ट कशाला द्यायचा नाही हे पण तितकंच महत्त्वाचं आहे. भाव ला शून्य देऊ नका, प्लीज! समजा दोन गाड्या 1200 आणि 1400 ने गेल्या आणि तिसरीचा लिलाव व्हायचाय, तर भाव नल असेल तेव्हा सरासरी 1300 येते कारण ॲव्हरेज नल मोजतच नाही, पण शून्य असेल तर तीच सरासरी 867 च्या आत जाते आणि तो आकडा शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर स्क्रीनवर झळकतो. तसंच कांद्याच्या प्रकाराला 'उन्हाळी' असा डिफॉल्ट नको, दिवाळीच्या आसपास लाल कांदा यायला लागला की चुकीच्या नोंदी गुपचूप साठत जातात, कुणाला कळत पण नाही. ऑपरेटरला निवडायलाच लावा.

नंतर ऑल्टर टेबल करून डिफॉल्ट बदलला तर जुन्या नोंदी बदलत नाहीत, तो फक्त पुढच्या इन्सर्टला लागू होतो, जुन्यांसाठी वेगळं अपडेट मारायचं. मायएसक्यूएल 8.0.13 च्या आधीचं असेल तर डिफॉल्टमध्ये एक्स्प्रेशन (फंक्शन किंवा हिशोब) चालत नाही, ठराविक व्हॅल्यूच लागते, करंट टाइमस्टॅम्प तेवढा अपवाद.

आणि पोस्टग्रेसवर सकाळची सगळी आवक एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पक्क्या होणाऱ्या नोंदींच्या गटात) टाकत असाल तर प्रत्येक गाडीची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत सारखीच येईल, कारण करंट टाइमस्टॅम्प ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतो. प्रत्येक ओळीची वेगळी वेळ हवी असेल तर डिफॉल्टला क्लॉक टाइमस्टॅम्प हे फंक्शन द्या, पण गाडी गेटवर खरंच कधी आली ते हवं असेल तर ती वेळ फॉर्ममधूनच पाठवा.