पोवळ्यासारखी अळंबी: आधी बुंधा बघा, मग रंग

श्रावणात आंबोलीच्या अंजन-जांभळाच्या रानात पाचोळ्यातून पिवळीधमक, केशरी फांदोरी वर आलेली दिसते आणि पाय थबकतात. समुद्रातलं पोवळंच कुणी आणून रोवलंय, असं वाटतं. ही अळंबीच, फक्त छत्री नसलेली.

पहिल्या वर्षी मी असाच एक केशरी झुबका वरच्यावर मोडून प्लास्टिकच्या पिशवीतून सावंतवाडीला आणला. संध्याकाळपर्यंत त्याचा तपकिरी लगदा झाला. बुंधा रानातच राहिला होता. कुळ सांगायलाही हाती काही उरलं नाही, याची मला फार हळहळ वाटली. तेव्हापासून सोबत खुरपं, दहापट भिंग आणि कागदी पाकिटं असतात.

आधी खाली बसा आणि ते कशावर उगवलंय ते शोधा. पाचोळा हलकेच बाजूला करा. वरून मातीत वाटणारं पुष्कळदा पुरलेल्या काटकीवर असतं. आणि एकच केशरी सोटा, त्याच्या डोक्यावर बारीक पुटकुळ्या दिसत असतील, तर खाली आणखी उकरा. तळाशी मेलेला कोष किंवा अळी निघाली तर ते किड्यावर वाढणारं कॉर्डिसेप्स, पोवळं नव्हे.

मग एक टोक वाकवून बघा. माझा सगळ्यात जास्त विश्वास याच परीक्षेवर आहे. लाकडावरचं पिवळं-केशरी शिंग रबरासारखं वाकलं, बोटाला बुळबुळीत लागलं, तर ते कॅलोसेरा. ते सुकून तारेसारखं कडक होतं आणि पाण्यात टाकलं की परत फुगतं. कट्कन मोडलं तर क्लॅव्हेरिया किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी. जांभळं क्लॅव्हेरिया झोलिंगेरी असंच ठिसूळ, मातीत वाढणारं. त्याला नाव मिळालं ते जावा बेटावर वनस्पती गोळा करणाऱ्या झोलिंगर या स्विस माणसावरून, 1846 साली.

एका जाड बुंध्यातून फांद्या, फांद्यांना पुन्हा फाटे असा फ्लॉवरसारखा गड्डा असेल तर रामारियाचा विचार करा. लॅटिनमध्ये ‘रामुस’ म्हणजे फांदी. टोकांचा रंग तिथल्या तिथे लिहून ठेवा, कारण तो टिकत नाही. युरोपातल्या रामारिया फॉर्मोसाची टोकं कोवळेपणी लिंबासारखी पिवळी आणि फांद्या गुलाबी असतात. जून झाली की सगळी गेरूसारखी दिसते. रंग शेवटी बघा म्हणते ते यासाठीच.

घरी आल्यावर बीजाणूंचा, म्हणजे अळंबी सोडते त्या बारीक धुळीचा, ठसा घ्या. अर्धा काळा, अर्धा पांढरा कार्ड घ्या, त्यावर एक फांदी आडवी ठेवा, वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर हलवू नका. रामारियाची पिवळसर-तपकिरी धूळ पांढऱ्या बाजूला उमटते. क्लॅव्हेरियाची पांढरी असते, ती काळ्यावरच दिसते. फक्त पांढरा कागद घेतला तर काहीच पडलं नाही असं वाटून तुम्ही नमुना टाकून द्याल.

लालभडक, बोटांसारखं काही दिसलं तर उघड्या हाताने धरू नका. जपानमध्ये ‘काएनताके’, म्हणजे ज्वालेची अळंबी, म्हणून ओळखलं जाणारं ट्रायकोडर्मा कॉर्नु-डामी असंच दिसतं. ते खाऊन तिथे माणसं दगावली आहेत. 2019 मध्ये ते ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळही सापडलं. पोवळ्यासारखी कुठलीच अळंबी मी खात नाही. फॉर्मोसानेही जुलाब लागतात. रोवणावरची, म्हणजे वाळवीच्या वारुळावरची अळंबी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या ताटात आहे, हिची तशी ओळख आपल्याकडे नाही.

राखीव रानात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उपटू नका. तिथे फोटो पुरतात, पण चार हवेत: वरून, बाजूने, टोकांचा जवळून आणि पाचोळा सारून बुंध्याचा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. फोटो झाला की पाचोळा होता तसा परत पांघरा.