हवा खेळती ठेवणं: अंतराळ स्थानकाची देखभाल शिकायला निघालेल्यांसाठी

भारतीय अंतराळ स्थानक 2035 पर्यंत उभं करायचं उद्दिष्ट जाहीर झालं आहे. तिकडे डोळे लावून जीवरक्षक प्रणालींचा अभ्यास करणार असाल, तर आधी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा रोजचा दिवस समजून घ्या. कक्षा, वेग, दिवसातले सोळा सूर्योदय हे तुम्हाला ठाऊक आहेच, त्यात वेळ घालवत नाही.

फसायला होतं ते हवेपाशी. गरम हवा वर जाते आणि धूळ खाली बसते, या दोन गोष्टी आपण इतक्या गृहीत धरतो की गणित सोडवतानाही त्या नकळत शिरतात. तिथल्या वजनरहित अवस्थेत दोन्ही खोट्या. सोडलेला श्वास तोंडाभोवतीच रेंगाळतो. म्हणून फोन बूथएवढ्या झोपायच्या खोलीतसुद्धा पंखा लागतो. तो थांबला तर झोपलेला माणूस स्वतःच्याच कार्बन डायऑक्साइडच्या ढगात पडून राहतो. केबिनमधली हवा पंख्यांनी मिनिटाला साधारण 5 ते 12 मीटर वेगाने सतत फिरवत ठेवावी लागते. पृथ्वीवर कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या 0.3 मिलिमीटरच्या आसपास असतो, स्थानकात तो बहुतेक वेळा 2 ते 3. म्हणजे मुळातच सात ते दहापट. त्यात एखाद्या कोपऱ्यात हवा साचली की डोकं दुखतं, कामात चुका होतात, आणि दोष थकव्याला दिला जातो.

आता साखळी बघा. धूळ, केस, कातडीचा भुगा, कापडाचे तंतू खाली बसत नाहीत, हवेबरोबर वाहत परतीच्या जाळीवर, म्हणजे केबिनमधली हवा परत ओढून घेणाऱ्या तोंडावर, जमतात. जाळी तुंबली की प्रवाह घटतो. प्रवाह घटला की श्वास साचतो. एवढ्यावर थांबत नाही: अमेरिकी भागातले धूरशोधक हवेच्या परतीच्या वाटेवरच बसवलेले आहेत, म्हणजे हवा पोहोचली नाही तर धूरही पोहोचत नाही. कुणी सामानाची पिशवी 'दोन मिनिटांसाठी' जाळीसमोर अडकवली तरी हेच होतं. पिशवी जागेवर आहे, पट्टा घट्ट आहे, यादीत नोंद आहे, सगळं बरोबर दिसतं आणि तरी ती चूक असते. कुठलाही आराखडा हातात आला की पहिल्यांदा हवेचे बाण काढा. जो मार्गदर्शक हे बाण काढायला न लावता प्रक्रियापत्रकं पाठ करून घेतो, त्याच्याकडे फार काळ थांबू नका. आणि तीन महिन्यांत अंतराळवीर बनवणाऱ्या वर्गांना पैसे देऊ नका.

सफाई दर आठवड्याला, बहुधा शनिवारी. फिल्टरच्या जाळ्या व्हॅक्यूमने ओढून घ्यायच्या, हाताचे दांडे आणि जेवणाची जागा जंतुनाशक पुसणीने पुसायची. हरवलेला स्क्रू किंवा पेन आधी जाळीवरच शोधा. दुरुस्तीला बसताना प्रत्येक सुटा भाग काढल्याक्षणी वेल्क्रोवर किंवा चिकटपट्टीवर लावा, नंतर नाही.

व्यायाम रोज सुमारे दोन तास, हाडं झिजू नयेत म्हणून. हाडांचा संबंध थेट शौचालयाशी आहे, आणि हे पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत असल्यामुळे जुळत नाही. तिथे हाडांतलं कॅल्शियम लघवीत उतरतं. लघवी टिकावी म्हणून मिसळलेल्या सल्फ्युरिक आम्लाशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम सल्फेटचे खडे बनले आणि लघवी उकळून त्यातलं पाणी वेगळं काढणारं ऊर्ध्वपातन यंत्र अडलं. 85 टक्के पाणी परत मिळवण्यासाठी बनवलेलं यंत्र मग 70 ते 75 टक्क्यांवर चालवावं लागलं. सल्फ्युरिकच्या जागी फॉस्फोरिक आम्ल आणल्यावर जुना आकडा परत गाठता आला. उरलेल्या खाऱ्या पाण्यासाठी वेगळं यंत्र जोडल्यावर 2023 मध्ये एकूण पुनर्प्राप्ती 98 टक्क्यांवर गेली.

हे सगळं एकदम डोक्यात बसत नाही. घाबरू नका, कुणाच्याच बसत नाही. एका वेळी एकच प्रवाह धरा: आधी हवा, मग पाणी, मग उष्णता. घामाने भिजलेला टॉवेलही त्यात येतो. तो वाऱ्यावर वाळत घालतात, कारण त्यातली वाफ थंड करून तेच पाणी पुन्हा प्यायला वापरतात. फक्त बांधताना जाळी मोकळी राहील असं बघायचं.