शिह त्झूचं पिल्लू आणण्याआधी

पिल्लू बघायला जाल तेव्हा आधी त्याची आई बघायला मागा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे, त्यामुळे कोणी दीड महिन्याचं हातात ठेवायला लागलं तर सरळ परत या. लसींचं कार्ड घ्या. डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर रस्त्यावर खाली सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा.

गळपट्ट्याऐवजी छातीवर बसणारा हार्नेस आणा, कारण या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना गळ्यावर ओढ बसली की श्वास अडतो. याच नाकामुळे उन्हाळा त्यांना फार जड जातो. मे महिन्यात फिरणं सकाळी सातच्या आत, तेही डांबरावर तळहात ठेवून बघूनच. थंड फरशीची एक जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवा. धाप थांबत नसेल, हिरड्या लालभडक दिसत असतील, तर अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टर गाठा.

स्टीलचा कंगवा मात्र पिल्लाच्याही आधी घरात हवा. याचे केस गळतात कमी, पण वाढत राहतात. आमच्याकडे पहिल्या पावसाळ्यात ब्रश रोज फिरत होता, वरून सगळं रेशमासारखं. कानामागे बोट घातलं तर आत सुपारीएवढी जट. तेव्हापासून केस बाजूला करून मुळापासून विंचरते, कानामागे आणि काखेत आधी. गुंता सोडवताना मुळाशी केस चिमटीत धरावेत, म्हणजे कातडी ओढली जात नाही. आंघोळ गुंता सुटल्यावरच, कारण पाण्याने तो आणखी आवळतो. डोळ्यांत टोचणारे केस वर बांधा.

स्वयंपाकघरात घरच्यांना आधीच बजावून ठेवा: कांदा-लसणाची आमटी नाही, चॉकलेट नाही, द्राक्षं नाहीत आणि प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणाही नाही. आजी-आजोबा प्रेमाने भरवतात, त्यांना हे नीट समजावून सांगा. रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा नंबर फ्रिजवर लावा.

आणायला जाताना एक जुना पंचा न्या आणि त्याच्या आईच्या अंगाला पुसून आणा. पहिल्या रात्री तो टोपलीत घाला आणि टोपली पलंगाला लागून ठेवा, रडलं तर हात पोचेल इतकी जवळ.