विमा परिषदेच्या अध्यक्षांना पत्र लिहिताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकू जाडजूड पाकीट घेऊन आल्या. काकांच्या मृत्यूचा दावा कंपनीने फेटाळला होता आणि काकूंनी पत्र धाडलं होतं आयुर्विमा परिषदेच्या अध्यक्षांना. वर मायना: 'माननीय नियामक'. रजिस्टरची पावती पदराच्या गाठीत.

हीच पहिली चूक. आयुर्विमा परिषद आणि सर्वसाधारण विमा परिषद, दोन्हींची कार्यालयं मुंबईत, आणि त्यांचे सभासद विमा कंपन्याच. विमा कायदा, १९३८ मधलं कलम ६४-जे आयुर्विमा परिषदेच्या कार्यकारी समितीला काम देतं ते सल्ल्याचं: कंपन्यांचं वागणं नीट राहावं म्हणून मार्गदर्शन करायचं, खर्चावर लगाम कसा घालावा हे इर्डाईला, म्हणजे भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाला सुचवायचं, पॉलिसीधारकांच्या हिताला बाध आणणारी कंपनी त्याच्या नजरेस आणून द्यायची. दावा मंजूर करायला परिषद सांगू शकत नाही. नियामक म्हणजे हैदराबादचं इर्डाई.

दुसरी चूक जुन्या पुस्तकांमुळे होते. पूर्वी परिषदेच्या कार्यकारी समितीवर प्राधिकरणाने नेमलेले दोन अधिकारी असत आणि त्यांतलाच एक अध्यक्ष. २०१५ च्या दुरुस्तीने ते गेलं. कंपन्यांनी निवडून दिलेल्या चार प्रतिनिधींतून अध्यक्ष निवडायचा, असं ठरलं. म्हणून 'इर्डाईने नेमलेले अध्यक्ष' असं तक्रारीत लिहू नका, पहिल्याच ओळीत अर्ज कच्चा पडतो.

पण इर्डाईचा काही संबंधच उरला नाही, असं समजणं त्याहून घातक. विमा व्यवसायाशी संबंध नसलेली एक मान्यवर व्यक्ती, आणि एजंट, मध्यस्थ व पॉलिसीधारक यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी, समितीवरची ही नावं इर्डाईच देतं. निवडणुकीच्या नियमांनाही त्याची पूर्वमंजुरी लागते. माझ्या मते सगळ्यांत मोलाची खुर्ची पॉलिसीधारकांच्या प्रतिनिधीची, आणि तिच्याबद्दल कुणी विचारतच नाही. विचारा. इर्डाईच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका: सध्या कोण आहे, कधीपासून? ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. परिषदेच्या पदाधिकाऱ्यांबद्दल तक्रार असेल तर तीही इर्डाईलाच, तारीख आणि कलमासकट.

काकूंचा अर्ज आम्ही त्याच संध्याकाळी नव्याने लिहिला, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर वर्षाच्या आत विमा लोकपाल. परिषदेची पावती काकूंनी तरीही नव्या अर्जालाच टाचली.