कॅरिबियनमधल्या हैतीचे २०१६ मधले हंगामी राष्ट्राध्यक्ष जोसलेर्म प्रिव्हेर यांच्याबद्दल लिहिताय? या चुका टाळा

पहिली चूक शब्दातच होते. ‘हैतीचे राष्ट्रपती’ असं लिहिलं की मराठी वाचक लगेच विचारतो, मग उपराष्ट्रपती कुठे गेले होते? १९६९ मध्ये झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर आपल्याकडे आधी उपराष्ट्रपती गिरी आणि मग सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी कारभार पाहिला. हैतीत उपराष्ट्राध्यक्ष हे पदच नाही. तेव्हा ‘राष्ट्राध्यक्ष’च लिहा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

‘मार्तेलींना हटवलं’ हेही खोडा. प्रिव्हेर यांच्याआधीचे राष्ट्राध्यक्ष मिशेल मार्तेली यांची मुदत ७ फेब्रुवारी २०१६ ला संपली आणि ते गेले. पंचाईत पुढची होती. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या ऑक्टोबर २०१५ च्या पहिल्या फेरीत जोव्हेनेल मोइझ पहिले आले, ज्यूद सेलेस्तँ दुसरे. घोटाळा झाला म्हणत सेलेस्तँ प्रचारालाच उतरेनात, रस्त्यावर निदर्शनं पेटली, या दोघांतली दुसरी फेरी पुढे पुढे ढकलली गेली. खुर्ची रिकामी, आणि वारस कुणीच नाही.

सगळ्यात जास्त घसरगुंडी होते ती ‘संविधानानुसार निवड झाली’ या वाक्यावर. राष्ट्राध्यक्षपद मुदतीआधीच रिकामं झालं तर काय करायचं, हे हैतीच्या संविधानात आहे. मुदत पुरी झाली पण नवा माणूसच निवडून आला नाही, तर काय? त्याबद्दल स्पष्ट तरतूद नव्हती. म्हणून ५ फेब्रुवारीला मार्तेली आणि दोन्ही सभागृहांचे प्रमुख यांच्यात करार झाला, आणि निवड झाली ती या कराराच्या आधारावर. १४ फेब्रुवारीला दोन्ही सभागृहांनी एकत्र बसून जोसलेर्म प्रिव्हेर यांना निवडलं. हे प्रिव्हेर म्हणजे सिनेटचे, वरिष्ठ सभागृहाचे, अध्यक्ष, करारावर सही करणाऱ्यांपैकीच एक! शिवाय मत देणारे बरेच खासदार त्याच वादग्रस्त निवडणुकांतून आलेले. ‘बंड’ म्हणू नका, पण निर्मळ घटनात्मक प्रक्रियाही म्हणू नका. ‘करारानुसार, संसदेच्या मतांनी’ एवढं पुरे.

आता तारखा जुळत नाहीत, ही नेहमीची तक्रार. कराराने प्रिव्हेर यांना फार तर १२० दिवस दिले होते. ते दिवस जूनमध्ये संपले. संसदेने ना मुदत वाढवली, ना दुसरा निवडला, आणि प्रिव्हेर ७ फेब्रुवारी २०१७ पर्यंत राहिले. म्हणजे वर्षाला जेमतेम आठवडा कमी. करारातल्या तारखा या ठरवलेल्या तारखा आहेत, घडलेल्या नव्हेत. २०१५ च्या निवडणुकीची पडताळणी करणाऱ्या आयोगाने मे २०१६ अखेरीस राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नव्याने घ्या असं सांगितलं. ती ९ ऑक्टोबरला ठरली, पण त्याआधीच मॅथ्यू चक्रीवादळ आदळलं आणि मतदान २० नोव्हेंबरवर गेलं.

मोइझ यांची टक्केवारी एका ठिकाणी ३२.८ आणि दुसरीकडे ५५.६ दिसली, तर दोन्ही बरोबर आहेत. पहिली रद्द झालेल्या २०१५ च्या फेरीची, दुसरी नोव्हेंबर २०१६ ची, ज्यात ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

आणि २०२१ यात मिसळू नका. त्या जुलैत मोइझ यांची हत्या झाली, तेव्हा सिनेटमध्ये ३० पैकी १० च सदस्य उरले होते. त्यातल्या ८ जणांनी सिनेटचे तेव्हाचे अध्यक्ष जोसेफ लांबेर यांचं नाव हंगामी राष्ट्राध्यक्ष म्हणून पुढे केलं, पण त्यांचा शपथविधी झालाच नाही. त्यामुळे हंगामी राष्ट्राध्यक्षांच्या यादीत प्रिव्हेर यांच्याखाली लांबेर यांचं नाव घालू नका.