नारळावरची काळ्या डोक्याची अळी : या चुका टाळा

मार्च-एप्रिलात माडाच्या खालच्या झावळ्या करपलेल्या दिसल्या, की वाडीत ठरलेलं निदान होतं : पाणी कमी पडलं, नाहीतर खारा वारा लागला. मग कुणी पाणी वाढवतं, कुणी खत घालतं, आणि करपा वर चढत राहतो. आधी एक झावळी उतरवा, पातं उलटं करून बघा. हिराच्या कडेने जाळी आणि विष्ठेचे भुशासारखे बोगदे दिसले, तर ही काळ्या डोक्याची अळी. शास्त्रीय नाव ओपिसिना अरेनोसेला.

अळी हिरवट, अंगावर तांबूस रेघा, डोकं काळपट, लांबी दीड-दोन सेंमी. बोगद्यात बसून ती पात्याखालचा हिरवा गर खरवडते. वरचा पापुद्रा शाबूत राहतो, म्हणून लांबून पान नुसतं वाळलेलं वाटतं. पतंग राखाडी-पांढरा, पंख पसरून जेमतेम दोन-अडीच सेंमी. तो सहसा कुणाच्या नजरेला पडत नाही. भारत आणि श्रीलंका हा त्याचा जुना मुलूख, आता तो थायलंड आणि चीनमध्येही पोचलाय. नारळाखेरीज ताडावरही अळी जगते.

गेंड्या भुंग्याशी गल्लत नको. तो कोंब पोखरतो, आणि झावळी उमलली की तिच्यावर त्रिकोणी काप दिसतात. पात्याखाली पांढरी वर्तुळं आणि खालच्या पानांवर काळी बुरशी असेल, तर ती पांढरी माशी.

सगळ्यात महागात पडते ती पुढची चूक. किडकी झावळी तोडायची आणि मांगराशेजारी (वाडीतल्या खोपटाजवळ) रचून ठेवायची, किंवा पावसाळ्याआधी झाप विणायला शेजारच्या वाडीत द्यायची. बोगद्यातले कोष तिच्यासोबत जातात आणि तिथे पतंग बाहेर पडतात. तोडल्या दिवशीच जाळा. मात्र भीतीपोटी माड बोडका करू नका. सर्वाधिक किडलेल्या खालच्या दोन-तीन झावळ्या पुरेत. हिरवी पानं गेली की पुढचं उत्पन्न घटतं, ते नुकसान अळीइतकंच खरं आहे.

सरसकट फवारणीही मला पटत नाही. उंच माडाच्या शेंड्यावर औषध नीट पोचत नाही, अळी बोगद्यात सुरक्षित राहते, आणि मरतात ते गोनिओझस, ब्रॅकॉनसारखे मित्रकीटक. गोनिओझसची मादी बोगद्यात शिरून अळीला डंख मारून लुळी पाडते आणि तिच्यावरच अंडी घालते. अळी मारायला हे कीटक वाडीत सोडायचे असतील तर आधी बोगदे फोडून बघा. अळ्या अगदी बारीक असतील तर गोनिओझसचा उपयोग नाही, त्याला वाढलेल्या अळ्या लागतात. नुकतीच फवारणी झाली असेल तर थांबा. सोडण्याची वेळ आणि संख्या रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात विचारून ठरवा; जाताना किडक्या पात्याचा तुकडा घट्ट बांधलेल्या पिशवीतून न्या.